नाटक मंडळीचा कारभार कोण पाहायचं? मालक, भागीदार, मॅनेजर, तालीम मास्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या संगीत नाटकांचा विषय निघाला की आधी पदांची आठवण निघते, मग शालूंची, मग अत्तराची. शेवटी कोपऱ्यातून कुणीतरी विचारतं, "पण हे सगळं चालवायचं कोण हो?" मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो. गावोगाव हिंडणारं एवढं मोठं बिऱ्हाड, दोन वेळची पंगत, पडद्यांच्या गुंडाळ्या, आणि दर रात्री नव्यानं भरावा लागणारा गल्ला. गळा कितीही गोड असला तरी एवढं सगळं गळ्यावर चालत नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम काळाचा आहे, पण मध्ये मध्ये मी वाट सोडलेली आहे.

'मंडळी' म्हणजे कंपनीच ना? मग तिचा मालक कोण?

हो, पाटीवर 'मंडळी' आणि बोलण्यात 'कंपनी'. मालकाची माझी कामचलाऊ व्याख्या अशी: सावकार दारात आला की ज्याच्या नावानं हाक मारतो तो मालक. कागदावर दोन-तीन भागीदार असत. कपडेपट, पडदे, भांडीकुंडी सगळं त्यांच्या समाईक मालकीचं. प्रत्यक्षात मंडळी ओळखली जायची ती पहिल्या नटाच्या नावानं, आणि संगीत मंडळीत हा पहिला नट पुष्कळदा स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारा पुरुष, असायचा. रात्री 'मानापमान'ची नायिका भामिनी, सकाळी धनी.

मालक किंवा भागीदारांच्या जोडीला दोन माणसं महत्त्वाची: बाहेरचं बघणारा मॅनेजर आणि आतलं बसवणारा तालीम मास्तर. ही तीन कामं तीन डोक्यांत वाटलेली असायची तोवर मंडळी बरी चालायची. एकाच डोक्यावर येऊन पडली की काय व्हायचं, ते पुढे येईलच.

अगदी सुरुवातीला पैसा कुणाचा होता?

सांगलीच्या संस्थानाचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन आपण त्याचाच पाळतो. तेव्हा भावे मालक नव्हते, दरबारच्या चाकरीतले होते. अप्पासाहेब १८५१ मध्ये वारले, आश्रय आटला, आणि नाटक घेऊन गावोगाव हिंडणं आलं. १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीनं मराठी नाटक मंडळी जन्मली ती त्या वर्षी. राजा खूश झाला की भागतं, तिकीट काढणारा माणूस मात्र दर रात्री नव्यानं खूश करावा लागतो.

किर्लोस्कर नाटक मंडळीत अण्णासाहेबांनंतर कुणी सांभाळलं?

अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः नाटककार, नट, चाली बांधणारे आणि मालकही. त्याआधी सरकारी कचेरीत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे कागदाची सवय होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. म्हणजे जेमतेम पाच वर्षं. एवढ्यात मूळ पुरुष गेल्यावर मंडळी मोडायला हवी होती. ती मोडली नाही, कारण कामं आधीच वाटलेली होती. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज होता. अण्णासाहेबांचेच शिष्य गोविंद बल्लाळ देवल तालमीला होते. १९०१ मध्ये भाऊराव गेले तरी गाडी थांबली नाही. पुढे नानासाहेब जोगळेकर पुढे आले, शंकरराव मुजुमदारांनी कारभार पाहिला, १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा दाखल झाला. हाच पुढे बालगंधर्व.

मॅनेजर नेमकं काय करायचा?

सगळं, आणि श्रेय शून्य.

मंडळी एका गावात खेळ करत असताना मॅनेजर किंवा त्याचा माणूस पुढच्या गावात पोचलेला असायचा. थिएटर आहे का, नसेल तर मांडव कुठे घालायचा, बिऱ्हाडाला वाडा कुणाचा मिळेल, विहिरीला पाणी आहे का, वाणी उधारी ठेवील का. हँडबिलं छापून घ्यायची. सरकारी परवानगी काढायची. गावातल्या बड्या माणसांना मानाचे पास पोचवायचे, आणि एखाद्याला पास गेला नाही तर त्याचा राग निस्तरायचा. मग पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांचे पेटारे, बाजाच्या पेट्या रेल्वेत चढवायच्या. खेळाच्या रात्री दारावर उभं राहून गल्ला बघायचा, आणि पहाटे नाटक संपल्यावर नट झोपले की तो मोजायचा.

त्यात आणखी एक काम, जे कुठल्याच यादीत सापडत नाही. मुख्य नटाला 'नाही' म्हणणं. नवा शालू नाही, या महिन्यात नवा पडदा नाही, आज घसा बसला असला तरी खेळ बंद नाही. हे ज्याला बोलता येई तो खरा मॅनेजर. आणि साहजिकच त्याच्याइतका नावडता माणूस अख्ख्या बिऱ्हाडात दुसरा नसे.

शंकरराव मुजुमदार या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहेत. किर्लोस्कर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या या माणसानं 'रंगभूमी' नावाचं मासिकही चालवलं. म्हणजे नुसता गल्ल्यावरचा माणूस नव्हे, या धंद्याला इतिहास आहे आणि तो लिहून ठेवायला हवा, हे कळणारा माणूस. तरी त्यांच्याच कारकिर्दीत मंडळीतून आधी बालगंधर्व गेले आणि पुढे दीनानाथ. नटांच्या बाजूनं ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, आणि नटांना गोष्ट सांगता येते. मॅनेजरची बाजू ऐकणारा श्रोता आपल्याकडे कमी. दोष सगळा त्यांचा नव्हता एवढंच मला म्हणायचं आहे.

तालीम मास्तर म्हणजे आजचा दिग्दर्शकच का?

जवळपास, पण अगदी तोच नव्हे. देवलांचं उदाहरण घ्या. वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, पदराला हात कधी लावायचा, हे ते नटाकडून घोटून घेत. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या भूमिकांवर देवलांचा हात फिरलेला आहे. पण पडदे कोणते, उजेड किती, गाणं किती लांबवायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. गाण्याची लांबी वन्समोअर ठरवायचा. एक पद पाच-सहा वेळा झालं तर नाटकाची रात्र पहाटेपर्यंत जायची, आणि ते थांबवणारं कुणी नव्हतं. थांबवलं तर गल्ला पडायचा. संपूर्ण नाटकाचा एकच कर्ता असावा ही कल्पना आपल्याकडे रुजली ती बरीच नंतर.

गंधर्व नाटक मंडळी तिघांची होती म्हणतात. ते तिघे कोण, आणि का वेगळे झाले?

बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. जुलै १९१३ मध्ये मंडळी निघाली. पार्श्वभूमी अशी की १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीनं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं आणि त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले. नटमंडळी आणि कारभार यांच्यातला दुवा गेला, तेढ वाढत गेली.

('मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरी ते रात्री भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. ती नेहमी नटाच्या निष्ठेची म्हणून सांगतात. मी ती वाचतो तेव्हा माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो: प्रयोग पुढे ढकलायचा अधिकार त्या रात्री कुणाकडे होता?)

कामाची वाटणी म्हणाल तर कागदावर यापेक्षा चांगली जुळणी सुचणं कठीण. बालगंधर्वांकडे गळा, रूप आणि प्रेक्षक. बोडसांकडे गद्याची जाण, तालमीतला कडकपणा आणि व्यवहार. टेंब्यांकडे चाली आणि पेटी. 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. एक बाहेर चमकणारा, एक आत सांभाळणारा, एक स्वर लावून देणारा.

टेंबे आधी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. काही वर्षांनी बोडसही गेले. कारणं नेहमीचीच: कुणाचा शब्द अखेरचा, पैसा कुठे जातो, मान कुणाला. प्रेक्षक फक्त एकाचं नाव घेऊन तिकीट काढतात, हे रोज रात्री डोळ्यांनी बघत समान भागीदार राहणं सोपं नाही. टेंब्यांविषयी एक गंमत मात्र सांगायलाच हवी. हेच गोविंदराव १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात राजा हरिश्चंद्र झाले. नाटक मंडळ्यांना धाप लावणाऱ्या माध्यमाच्या उंबरठ्यावर मंडळीचा जुना भागीदारच उभा होता.

बालगंधर्वांना पैशातलं कळत नव्हतं, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुधा हसत हसत येतो. सरळ उत्तर: कळत नव्हतं असं नाही, त्यांच्या लेखी पैशाची जागा वेगळी होती. प्रेक्षकाला अस्सलच दिलं पाहिजे यावर ते अडून बसत. शालू खरा, दागिना शोभेल असा, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस. १९२० च्या 'द्रौपदी'साठी उभारलेला थाट तर दंतकथा होऊन बसला आहे. खर्च सुरू झाला तेव्हा 'देवा, एवढं नको' म्हणणारे बोडस शेजारी उरलेले नव्हते. ('देवा' हे बालगंधर्वांचंच संबोधन, ते लहानथोर सगळ्यांना तसंच म्हणत.)

परिणामी १९२१ च्या सुमारास कर्ज लाखाच्या वर गेलं होतं. त्या काळचे लाख. ते त्यांनी पुढची वर्षं खेळ करकरून फेडलं, आणि लोकांनी देऊ केलेली मदत घ्यायला राजी झाले नाहीत. म्हणून या गोष्टीत मला भोळा नट आणि लबाड दुनिया दिसत नाही. मालकानं कर्ज केलं, मालकानं फेडलं. फक्त त्या मालकाला रोज रात्री रुक्मिणी किंवा सिंधू व्हायचं होतं, आणि त्याच माणसानं सकाळी तिकिटांचा हिशेब तपासावा अशी अपेक्षा करणंच चुकीचं होतं.

केशवराव भोसले तर एकटेच मालक होते. त्यांचं कसं जमलं?

जमलं, कारण मंडळीच्या पोटात ते लहानपणापासून वाढले होते. कोल्हापूरचा पोरका, गरिबीतला मुलगा. स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका करून गाजला. धनी कसे वागतात, पोरांना काय खायला मिळतं, दौऱ्यात कोण आजारी पडलं की काय होतं, हे सगळं खालून पाहिलेलं. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ललितकलादर्श काढली तेव्हा ते १७ वर्षांचे होते. हुबळी का, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. बेळगाव, हुबळी, धारवाड हा मराठी मंडळ्यांचा हक्काचा मुलूख होता. मुळात अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर त्याच बाजूचं.

४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वरानं गेले. वय ३१. आणि इथून पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाची वाटते. मंडळी बापूराव पेंढारकरांकडे आली. ना रक्ताचं नातं, ना जात-गावाचा धागा. मंडळीत तयार झालेला माणूस, एवढीच पात्रता. बापूरावांनी आपल्या पहिल्याच वर्षांत मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं, म्हणजे पुराणातून उठून थेट चालू काळात आले. पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकाराला नेपथ्य सोपवलं आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी दारं-खिडक्या असलेली खोली उभी केली. गेलेल्या धन्याची नक्कल करून दहा वर्षं सहज काढता आली असती. तसं केलं नाही.

१९३७ मध्ये बापूराव गेले आणि मंडळी बंद पडली. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली. त्यांच्या काळात 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' आली. भालचंद्र पेंढारकर स्वतः गायक नट, पण मुंबईत साहित्य संघाच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थेतही ते मुरलेले होते, आणि संगीत नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवायचा ध्यास त्यांनी घेतला होता. नट, मालक आणि मॅनेजर ही तिन्ही कामं एका माणसात नीट नांदलेली मला इथेच दिसतात. वर मी जो नियम सांगितला त्याला अपवाद म्हणा.

'संयुक्त मानापमान' कुणी ठरवलं? दोन मालकांचं पटलं कसं?

८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी एका रंगमंचावर. जमलं, कारण त्या रात्रीचं उत्पन्न कुणाच्याच पेटीत जाणार नव्हतं. तीन महिन्यांत केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीची आठवण अधिकच हळवी होऊन बसली. दोन्ही मंडळ्या कायमच्या एक व्हायला हव्या होत्या असं काही रसिक म्हणतात. मला वाटतं, पहिल्याच दौऱ्यात फुटल्या असत्या.

बलवंत संगीत मंडळी कुणाची? फक्त दीनानाथांची?

नाही. १९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडलेल्या दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांची. दीनानाथांचं वय तेव्हा १७. पुन्हा तोच आकडा, पण केशवरावांसारखा एकट्यानं भार उचललेला नाही. शेजारी चिंतामणरावांसारखा गद्य नट आणि जाणता माणूस होता. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका, हीच मंडळीची खरी रचना होती: एक डोकं, एक गळा. १९३४ मध्ये मंडळीनं 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला आणि त्या उडीतून ती सावरली नाही.

राजे-महाराजे पैसे देत, मग ते कारभारात हात घालत का?

आश्रय निरनिराळ्या तऱ्हेचा असे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा गंधर्व मंडळीला आधार होता. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ मध्ये बडोद्यालाच झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी नाट्यगृहच बांधलं. १९१५ चं पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान. एका भिंतीआड पहिलवान, दुसऱ्या भिंतीआड स्त्रीपार्टी, कोल्हापूरला शोभेलसंच. नाटक कोणतं करायचं हे राजे सहसा सांगत नसत. हात घातला तो इंग्रज सरकारनं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली आणि ते करणाऱ्या महाराष्ट्र नाटक मंडळीचं हातचं नाटक गेलं. १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर आला. तो भरायचा मॅनेजरनं, आणि शिव्याही खायच्या त्यानंच.

नटांना पगार होता की हिस्सा?

भागीदारांना हिस्सा, बाकीच्यांना महिन्याचा पगार, आणि शिकाऊ पोरांना जेवण-कपडे नि हातखर्चाला चार पैसे. 'नाइट'चा हिशेब, म्हणजे खेळामागे ठरलेली रक्कम, नंतर रुळला. मंडळ्या मोडल्यावर कंत्राटदार नामवंत नट गोळा करून एकेका खेळाचा ठेका घेऊ लागले तेव्हा. बिऱ्हाड संपलं, पंगत संपली, नाइट उरली.

बायका कारभारात कधी आल्या?

रंगमंचावर येण्याच्या आधीपासून पडद्यामागे बायका होत्याच, पण त्यांची नोंद कुठे नाही. कमलाबाई गोखले (ज्यांनी १९१३ मध्ये फाळक्यांच्या चित्रपटात काम केलं त्याच) चित्ताकर्षक मंडळीत वावरल्या, आणि ती मंडळी गोखले कुटुंबाची होती. १९३० च्या आगेमागे हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह स्वतःची नाटक कंपनी चालवली, आणि ते शब्दशः नेतृत्व होतं. गाणारी बाई, कंपनीचा चेहरा आणि जबाबदारीही तीच. गोहरबाई कर्नाटकी यांच्याविषयी मला हमखास विचारलं जातं. त्या १९३० च्या दशकाच्या अखेरीस गंधर्व मंडळीत आल्या तेव्हा मंडळीची उतरण आधीच सुरू झालेली होती. एवढं सांगून मी थांबतो, बाकीच्या गप्पा ज्यांना हव्या त्यांनी दुसरीकडे माराव्यात.

बोलपटांनी मंडळ्या बुडवल्या, बरोबर?

अर्धं बरोबर. बोलपटानं प्रेक्षक नेले, नट नेले, आणि नाट्यगृहंही नेली. थिएटरचा मालक सिनेमाला भाड्यानं देऊन निवांत बसू लागला. पण कर्ज आधीचं होतं, भागीदाऱ्या आधीच फुटल्या होत्या, आणि रात्रभर चालणारी पदं ऐकायला वेळ असलेला प्रेक्षकही कमी होत चालला होता. बालगंधर्वांनी स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा'त १९३५ मध्ये काम केलं. रात्रभर स्त्री म्हणून पाहिलेला माणूस पडद्यावर संत एकनाथ म्हणून बघायला लोक फारसे आले नाहीत.

मंडळीऐवजी 'संस्था' कधी सुरू झाल्या?

१९३३ चं 'नाट्यमन्वंतर' हा मोठा सांधा. 'आंधळ्यांची शाळा' रिपन थिएटरात झालं. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, केशवराव दाते, पार्श्वनाथ आळतेकर अशी शिकलेली, विचार करणारी मंडळी एकत्र आलेली, आणि स्त्री-भूमिकांत ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक. धनी एक नाही, विचार एक. दुर्दैवानं विचारावर पोट भरत नाही, ती संस्था फार टिकली नाही. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतननं उलटा मार्ग धरला: लेखक, दिग्दर्शक आणि मालक तिन्ही रांगणेकरच. १९४२ चं 'कुलवधू' तीन अंकी, आटोपशीर, वेळेत घरी पोचवणारं. मालक गाणारा नसला की पदं आपोआप आवरतात.

संस्थेचा अध्यक्ष आणि नाटक करणारी मुलं यांचं पटलं नाही तर?

मराठीतलं याचं अव्वल उदाहरण 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ते केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. वाद पेटला आणि संस्थेचे प्रमुख भालबा केळकर यांनी वीसेक प्रयोगांच्या आतच ते थांबवलं. भालबांना खलनायक करणं सोपं आहे, पण ती संस्था त्यांनी उभी केलेली होती आणि तिच्या नावाची काळजी करणं हे त्यांचं काम होतं. मुलांनी भांडत न बसता मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपला जाऊन आलं. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीत जे झालं तेच, फक्त या वेळी नाटकच बाहेर पडणाऱ्यांच्या हाती होतं.

न नट, न दिग्दर्शक, तरी नाट्यसंस्था चालवणारं कुणी आठवतं का?

अरुण काकडे. १९७१ मध्ये 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी 'आविष्कार' उभी केली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे काही घडलं त्याच्या मागे खुर्च्या, तारखा, पावत्या आणि माणसं सांभाळणारे काकडेकाका होते. एका पिढीच्या लेखक-दिग्दर्शकांना हक्काची जागा मिळाली ती त्यांच्या चिकाटीमुळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते गेले तेव्हा नाटकवाले हळहळले आणि बाकीच्यांनी विचारलं, "त्यांनी कोणत्या नाटकात काम केलं होतं?"

'चालक-मालक' आणि 'सूत्रधार' हे शब्द आज कुठे भेटतात?

'चालक-मालक' सिंधुदुर्गात जा, जत्रांच्या दिवसांत दशावताराच्या कुठल्याही फलकावर भेटेल. तिथे चालक-मालक अजून बहुधा स्वतः रंग लावतो, आज कुणी राजा आणि कुणी राक्षस व्हायचं ते ठरवतो, आणि लिहिलेली संहिता हातात नसताना रात्र पार पाडतो. जुन्या मंडळीचा कारभार जिवंत पाहायचा असेल तर पुस्तकं ठेवा आणि तिकडे जा.

'सूत्रधार' वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत, अगदी तळाला, बारीक अक्षरांत. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार रंगमंचावर उभा राहून अख्खी कथा गाऊन सांगायचा. आज हा शब्द नाट्यगृहांच्या तारखा मिळवणाऱ्या, बस ठरवणाऱ्या, नाइटचं पाकीट हातात ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला लावतात.

आम्हाला गावात हौशी मंडळ काढायचं आहे. कुणाला काय काम द्यावं?

मुख्य भूमिका ज्याची, त्याच्याकडे पैसे ठेवू नका. पैसे ज्याच्याकडे, त्याला तालमीत सूचना करू देऊ नका. नाटक थांबवायचं किंवा पुढे ढकलायचं हे एकच माणूस ठरवील असं आधी लिहून ठेवा, आणि तो माणूस नटांपैकी नसावा. वाटणीचा कागद पहिल्या प्रयोगाआधी करा, पहिल्या यशानंतर तो कुणी करत नाही.

या जुन्या मंडळ्यांपैकी काही उरलं आहे का?

ललितकलादर्शनं २००८ मध्ये शंभरी गाठली, इतर कुणाला ते जमलं नाही. पुण्यात १९६८ पासून बालगंधर्व रंगमंदिर आहे. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ते होतं तसंच पुन्हा उभारायचं ठरलं आहे.